लेथ बंद होताना

ताईचा राग नाकावर असतो हे घरादाराला ठाऊक होतं. पण त्या दुपारी जो आला तो नाकावरचा नव्हता. तळपायातून निघाला तो थेट मस्तकात जाऊन बसला, आणि तिची बाजू घेऊन एवढं आधीच सांगून टाकतो, की त्याला कारणही तसंच होतं.

ती श्रवणयंत्रांच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाला काचेच्या केबिनमध्ये बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक बारीक सूर सोडायचे आणि ऐकू आला की बोट वर करा म्हणून सांगायचं, हे तिचं काम. जेवणाच्या सुट्टीत केबिन रिकामी असे. बाहेरचा आवाज आत येत नाही, आतला बाहेर जात नाही. त्यामुळे धाकट्या भावानं काही ऐकायला पाठवलं की ती डबा बाजूला ठेवून तिथं जाऊन बसायची. त्या दिवशी त्यानं दोघांच्या नव्या अल्बमची शेवटची प्रत पाठवली होती. संध्याकाळपर्यंत अल्बम काढणाऱ्या कंपनीला होकार कळवायचा होता, म्हणजे तसं बघितलं तर ऐकणं हा नुसता उपचार होता.

पहिले तीन तुकडे तिनं डोळे मिटून ऐकले आणि मनातल्या मनात भावाची पाठ थोपटली. चौथ्याचं नाव होतं 'अण्णांची लेथ'; अण्णा म्हणजे वडील, आणि लेथ म्हणजे त्यांची लोखंड कातायची मशीन. घरघर सुरू झाली, तिच्याभोवती धाकट्यानं रचलेले जाडसर खालचे सूर जमत गेले, मग बटणाचा खटका, आणि मशीन थांबली. ताईनं डोळे उघडले. मागं नेऊन परत लावलं. पुन्हा एकदा लावलं. मग हेडफोन खुर्चीवर असे आदळले की काउंटरवरची मुलगी काचेतून डोकावून गेली.

ती अण्णांची लेथ नव्हतीच.

आता या बहीणभावांचा उद्योग काय होता ते सांगायला हवं, नाहीतर एका मशीनच्या आवाजावरून एवढं आकांडतांडव कशाला, असं कुणालाही वाटेल. दोघं मिळून संगीत करत. तबला नाही, पेटी नाही, गाणारं कुणी नाही. ताईनं रेकॉर्डर आणि माइक घेऊन कुठंतरी जायचं आणि तिथले खरेखुरे आवाज टिपून आणायचे. धाकट्यानं ते कॉम्प्युटरवर घ्यायचे, ताणायचे, चिरायचे, एकावर एक रचायचे आणि त्यांना इलेक्ट्रॉनिक सुरांची जोड द्यायची. एका अल्बमला एकच विषय. जोडीचं नाव 'खरखर'. नाव ऐकून नातेवाईक हसायचे, आणि अल्बम ऐकून हसायचे थांबायचे, कारण काय बोलावं तेच सुचायचं नाही. पहिला अल्बम सगळा लिफ्टच्या आवाजांचा होता. एका मावशीनं तो बिचारीनं सबंध ऐकला आणि विचारलं, की गाणं कधी सुरू होतं.

पण दूरदूरचे ऐकणारेही होते, आणि त्यांचा 'खरखर'वर जीव होता. प्रत्येक अल्बमच्या पाठीवर एक ओळ छापलेली असे: यातला प्रत्येक आवाज आम्ही स्वतः, सांगितलेल्या ठिकाणीच टिपला आहे. ओळ ताईची. जगात एवढी बनवाबनवी चाललेली असताना आपण तरी खोटं वाजवायचं नाही, हा तिचा हट्ट होता, आणि त्या हट्टापायी ती पावसात छत्री माइकवर धरून स्वतः भिजलेली होती.

नव्या अल्बमचं नाव 'बंद'. मशीन चालू असते तेव्हा ती सगळ्यांनाच ऐकू येते. बटण बंद केल्यापासून ती पुरती गप्प होईपर्यंत जे होतं, ते कुणी ऐकत नाही. तेवढंच टिपायचं. ताईनं त्यासाठी जिवाचं रान केलं. लाँड्रीतलं कपडे पिळायचं अजस्र पिंप, छापखाना, सरकता जिना, थिएटरचा जुना प्रोजेक्टर. जिथं तिथं मालकांच्या मिनतवाऱ्या केल्या, कामगारांची टिंगल सोसली. आणि या सगळ्यांच्या मधोमध अण्णांची लेथ, जिच्या घरघरीवर दोघं लहानाची मोठी झाली.

तर ताईनं दुकानाच्या मालकाला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, जे अगदीच खोटं नव्हतं, आणि तडक भावाचं घर गाठलं.

धाकटा दिवसा जाहिरातींना संगीत द्यायचा. साबण, टायर, विमा, जे येईल ते. त्यासाठी त्यानं घरातली एक खोली अडवली होती आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या. पाहुण्यांना अंथरायला गादी नाही आणि आमच्या भिंती मात्र मऊ मऊ झोपल्यात, असं वहिनी येईल त्याला ऐकवायची. दार तिनंच उघडलं. नणंदेचं तोंड बघितलं आणि काही न विचारता बाजूला झाली. अण्णा धाकट्याकडेच राहायचे, पण ते केस कापायला गेले होते. ते एक बरं झालं, कारण ताईनं चप्पलसुद्धा काढली नाही.

"कुणाची लेथ आहे ही?"

धाकट्यानं आधी वेड पांघरून बघितलं. कुठली, काय, चौथा तुकडा का, थोडं कापलंय मी. ताई नुसती बघत राहिली. तिच्या त्या बघण्यापुढं तो लहानपणीही टिकला नव्हता. शेवटी म्हणाला, लायब्ररीतली आहे.

लायब्ररी म्हणजे तयार आवाजांचं कोठार. जाहिरातवाल्यांना लागतात म्हणून इंटरनेटवर मिळतात: दार लागल्याचा, कुत्रं भुंकल्याचा, बाळ रडल्याचा. 'लेथ बंद होताना' असं शोधलं की लेथ बंद होतानाच्या दहा जाती समोर येतात. रोज साबणाला फेस आणि टायरला रस्ता तिथूनच उचलायची सवय लागलेल्या हातानं घरच्या मशीनलाही तिथूनच बदली आणली होती.

"अण्णांच्या नावावर," ताई म्हणाली. "परक्याची मशीन अण्णांच्या नावावर घालतोस. लाज नाही वाटली?"

धाकटाही मग तापला. तोही त्याच बापाचा मुलगा. त्याचं म्हणणं असं, की ताईनं आणलेला आवाज स्वच्छ होता, वादच नाही, पण तो कशातच बसत नव्हता. लांबच लांब. लेथचा तो जड चक फिरतोय, फिरतोय, बारीक होत जातोय, आणि कधी संपला तेच कळत नाही. त्यानं हरतऱ्हेनं बसवून बघितला होता. कंपनीच्या माणसाला ऐकवला तर त्यानं नेमकी तिथंच जांभई दिली. "ताई, ती थांबतच नाही," तो म्हणाला. "नुसती विरून जाते. मी काय करू? आणि तिथं उन्हातान्हात तू जातेस मान्य, पण इथं डोळे फोडून ते ऐकण्याजोगं मी करतो. ते कुणी बघत नाही." तिला नंतर सांगणारच होतो, असंही तो म्हणाला. ते ऐकून ताई हसली, आणि ते हसणं काही बरं नव्हतं.

कारण तिच्या मते तो आवाज तिनं जन्मात टिपलेला सर्वांत चांगला होता.

अण्णांच्या कारखान्याची शेड रिकामी करायची ठरली तेव्हा बाकीच्या मशीन आधीच गेल्या होत्या. उरली होती एकटी लेथ, आणि दुपारी भंगारवाल्याचा ट्रक येणार होता. धाकट्याला कुठल्याशा टायरची घाई होती म्हणून तो आलाच नाही. ताईनं सकाळी जाऊन सगळी तयारी केली. पंखा बंद केला. ट्यूबलाइट बारीक गुणगुणते म्हणून तीही बंद केली. शटर खाली ओढलं. फटीतून येईल तेवढ्या उजेडात अण्णा मशीनपाशी उभे राहिले. टर्नर लोकांना, म्हणजे लेथ चालवणाऱ्यांना, एक सवय असते. बटण बंद केलं तरी चक, म्हणजे कातायचा तुकडा पकडून फिरणारा तो जड लोखंडी गोल, आपल्या वजनानं फिरत राहतो. तो थांबायची वाट कोण बघणार? तळहात अलगद टेकवायचा आणि थोपवायचा. सवय धोक्याची, पण सगळ्यांना असते, आणि अण्णांना तर उभी हयात होती. ताईला ती ठाऊक होती, म्हणूनच तिनं आधी बजावून ठेवलं, की अण्णा, बंद केल्यावर हात लावू नका, काही बोलू नका, आपोआप थांबू दे. अण्णांनी एकदाच विचारलं, आपोआप? ती म्हणाली, हो, आपोआप. मग त्यांनी बटण दाबलं आणि लेथ आपली आपण फिरत फिरत, हळू होत होत, त्या अंधाऱ्या शेडमध्ये शांत झाली. ताईच्या अंगावर काटा आला होता. मशीनचा निखळ, स्वतःचा आवाज. मध्ये कुणी नाही.

आणि त्या लायब्ररीतल्या आवाजात शेवटी कुणाचा तरी तळहात सर्रकन घासल्याची खूण होती. तेवढ्यावरून तर तिनं चोरी पकडली होती.

"अण्णांनाच विचारू," ती म्हणाली. "त्यांना एका क्षणात कळेल."

"विचार," धाकटा म्हणाला. "ते ही नव्हे म्हणाले, तर मुकाट्यानं तुझी घालतो. कंपनी गेली खड्ड्यात. पण त्यांना ही चालली, तर तूही तोंड बंद ठेवायचं आणि होकार कळवायचा."

ताई एका पायावर तयार झाली. तिच्या मनात शंकेला जागाच नव्हती. वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, म्हाताऱ्या माणसाला कशाला मध्ये ओढता, तुमचं तुम्ही निस्तरा. तिचं कुणी ऐकलं नाही. त्या घरात आवाजांचा एवढा अभ्यास चालायचा, पण तिचं ऐकायची पद्धत नव्हती.

अण्णा आले ते मानेवरचे बारीक केस झटकत. दोघांना एकत्र बघून खूश झाले. झालं का तुमचं गाणं, म्हणून त्यांनी विचारलं. ते त्याला गाणंच म्हणायचे. ताईनं त्यांना धाकट्याच्या खुर्चीत बसवलं. त्यांच्या कानांतली यंत्रं तिनंच निवडून, तिनंच बसवून दिलेली होती. लेथपाशी जन्म काढून वरचे सूर गेले होते, पण खालचे शाबूत होते, हे तिनं आपल्या केबिनमध्ये तपासलेलं होतं. म्हणजे नंतर कमी ऐकू येतं म्हणायची सोयही तिनं स्वतःला ठेवली नव्हती. तिनं यंत्रं हलकेच काढून घेतली, हेडफोन चढवले, आवाज वाढवला.

"अण्णा, दोन ऐकवते. आपली कुठली ते सांगा."

आधी लायब्ररीतली लागली. वरचं संगीत काढून नुसती मशीन. अण्णांनी डोळे मिटले. थोडा वेळ काही नाही. मग खटका झाला तसा त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला, टेबलावर आला आणि तळवा सपाट होऊन टेबलावर दाबला गेला. आवाज थांबला. अण्णांनी डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते.

"हीच," ते म्हणाले. "काय थांबली बघा. हीच आपली."

धाकट्यानं ताईकडे बघायचं टाळलं. तेवढी माणुसकी त्याच्यात होती. ताईला मात्र कानाखाली बसल्यासारखं झालं. दुसरी ऐका आधी, असं ती हातानंच म्हणाली आणि दुसरी तिनं स्वतः लावली.

अण्णा ऐकत राहिले. खटका आला. त्यांचा हात पुन्हा टेबलावर टेकला आणि तसाच राहिला, कारण आवाज काही थांबेना. त्यांच्या कपाळाला आठी पडली. चक फिरत होता. त्यांनी हात उचलला, परत टेकवला. एकदा लेकीकडे बघितलं, जणू हे अजून किती चालणार. शेवटी कधीतरी तो विरला. अण्णांनी हेडफोन काढून ठेवले.

"ही कुणाची?"

धाकट्यानं कॉम्प्युटरकडे तोंड फिरवलं.

"कुणीतरी सोडून दिलेली दिसते," ते म्हणाले. "बंद करून निघून गेला असेल. अशी सोडतात का मशीन?"

खरं म्हणजे तिथंच सगळं आवरतं घ्यायला हवं होतं. ठरल्याप्रमाणे ती हरली होती. होकार कळवायचा, वहिनीनं चहा टाकला होता तो प्यायचा, आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसून काय ते ओरडायचं. पण ताईचा संताप आता ऐकण्यापलीकडे गेला होता. तिनं अण्णांची यंत्रं उचलली, त्यांच्या कानांत बसवली, रोजच्या सवयीनं अगदी नीट बसवली, आणि मग म्हणाली, "अण्णा, ही आपली आहे. त्या दिवशीची. मी माझ्या हातानं टिपलेली."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिनं आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिलं होतं. अण्णांचा राग तिच्यासारखा भडकायचा नाही. तो उशिरा यायचा आणि आला की आवाज खाली जायचा.

"मग बरोबर आहे," ते म्हणाले. "तू मला हात लावू दिला नव्हतास."

"अण्णा, मशीनचा स्वतःचा..."

"तिचा स्वतःचा कसला? एवढी वर्षं ती एकदाही एकटी थांबली नाही. रोज मी थांबवली. तापानं फणफणत होतो तेव्हाही मीच थांबवली. आणि शेवटच्या दिवशी मला बूट काढायला लावलेस, ते वाजतात म्हणून. गार फरशीवर अनवाणी, हात मागं. शाळेत मस्ती करणाऱ्या पोरांना उभं करतात तसा मी उभा होतो, आणि ती माझ्या डोळ्यांसमोर फिरत होती. मी म्हटलं, पोरीचं काम आहे, तिला कळत असेल. दुपारी ते लोक घेऊन गेले. मला घास गेला नाही त्या दिवशी."

गाद्या ठोकलेल्या खोलीत माणसाचं बोलणं फार जवळून ऐकू येतं. ताईला ते शब्द कानांत नाही, दातांत लागल्यासारखे लागले. चुकलं म्हणायची हीच वेळ होती, आणि ते तिला कळतही होतं. पण रागात असलेल्या माणसाला मागं फिरायची वाट दिसत नाही, समोर जो असेल तो दिसतो. समोर धाकटा होता, आणि वर तो सुटणार होता.

"आणि याचं चालतं?" ती म्हणाली. "जी ऐकून रडलात ना, ती आपली नाहीच आहे. तो हात तुमचा नाही. कुठल्या गावचा, कुठल्या देशचा, कुणाचा हात आहे हे यालाही माहीत नाही. विकत मिळतो तो. साबणाच्या फेसाबरोबर."

"ताई," धाकटा म्हणाला. पण हलक्या आवाजात, आणि उशिरा.

अण्णांनी धाकट्याकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली, तेवढ्यानं उत्तर मिळालं. टेबलावरचा हात त्यांनी मागं घेतला आणि दुसऱ्या हातात धरून ठेवला, भाजल्यावर धरतात तसा.

"परका असेल," ते शेवटी म्हणाले. "पण त्यानं लावला तरी."

मग उठून उभे राहिले. माझं नाव घालू नका, म्हणाले. हिच्यावरही नको, तिच्यावरही नको. एवढं बोलून ते आपल्या खोलीत गेले. बाहेर वहिनी चहाचे कप घेऊन उभी होती. ती त्यांना वाट द्यायला बाजूला झाली आणि तशीच परत स्वयंपाकघरात गेली.

धाकट्यानं खुर्ची ओढली आणि चौथा तुकडा उचलून बाहेर टाकला. पाचवा सरकून चौथ्याच्या जागी आला. अल्बम आता आधीपेक्षा चांगला वाहत होता, आणि हे दोघांच्याही कानांना कळलं, आणि दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही. त्यानं कंपनीला फोन लावला आणि एक तुकडा कमी केलाय, बाकी तेच, असं सांगितलं. पलीकडच्या माणसाला काही फरक पडला नाही. लेथ का, बरं झालं, असं काहीतरी तो म्हणाला असावा, कारण धाकट्यानं फोन ठेवताना दात आवळले होते.

ताई अण्णांच्या दारात जाऊन उभी राहिली. ते पलंगाच्या कडेला बसून मान पुसत होते. कापलेले केस कॉलरमध्ये गेले होते आणि टोचत असावेत. तिला एकदाच म्हणायचं होतं, की चुकलं अण्णा, मला माफ करा. मनातल्या मनात तिनं ते जुळवलंही होतं. पण संताप अजून उतरला नव्हता, आणि तोंड उघडलं तेव्हा बाहेर आलं ते भलतंच.

"तेव्हाच बोलायचं होतंत, अण्णा. त्याच दिवशी. मी ऐकलं नसतं का?"

अण्णांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि तिच्याकडे बघितलं.

"बोलायचं नाही, असं तूच सांगितलं होतंस," ते म्हणाले.